धोंडीबाच्या अंगणाची वाट

बसा वो पावणं, टेकून बसा. उद्याच्या लग्नाला आलाय, तर नवऱ्याची गोष्ट ऐकूनच घ्या. हसा खुशाल, पर आतल्या बायकांना ऐकू जाऊ देऊ नका.

आमच्या डोंगराच्या वाटा झाडासारख्या. खालनं एक निघते, फाट्या-फाट्याला फुटत जाते, आन फुटलेल्या दोन वाटा वर कुठं परत भेटत नायत. म्हणून रीत हाय. जी वाट धरली तिच्या तोंडाशी एक टहाळी ठेवायची. मागून येणारा जिथं टहाळ्या जास्ती तिकडं वळतो, आन आपली एक टाकतो. टाकलेली उचलायची नाय. देवाची असते.

पदू माझा पुतण्या. भिवपुरीला कामाला. कपड्याला इस्त्री, डोकं मात्र टहाळ्यांच्या हवाली. वरच्या वाडीतल्या धोंडीबाची रुचिता त्यानं शिळफाट्याच्या बाजारात बघितलेली, मनात भरलेली. रीतसर बघायला निघाला. तिकडं टेंपो जात नाय. वरच्या फाट्यावर गुराख्यांच्या टहाळ्या जास्ती दिसल्या, म्हणून गडी वळला डावीकडं. ती वाट कातळावर संपते. पुढं कडा, खाली नुसतं धुकं. आला परत. दुसऱ्या खेपेला पुन्हा तिकडंच, कारण त्याच्याच टहाळीनं ढीग वाढलेला. धोंडीबानं फोनवर सांगितलं, आणखी एकदाच पोरगी नटून बसंल, मग दुसरं स्थळ बघतो. पदूला जेवण जाईना.

तिसऱ्या खेपेला मी संगं गेलो. भाराभर टहाळ्या तोडून उजवीकडच्या वाटेवर टाकल्या, पदूचा दंड धरला आन उजवीकडनंच चढलो. शपथ घेतो, उजवीकडनंच.

पोचलो त्याच कातळावर.

कातळावर पोह्यांच्या बश्या मांडलेल्या. वाफ येत होती. माणूस एक नाय.

पदूनं चपला काढल्या, मांडी घातली, मान खाली घातली. "होय, पगार बँकेत येतो," म्हणाला. कोणी आणखी विचारल्यागत मान हलवली. "नाय, सुपारीसुद्धा खात नाय."

ही थाप होती, पर कोणाला मारतोय ते मला दिसंना.

मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "काका, बसा की. बरं दिसत नाय."

बसलो. काय करणार? पोह्यात मीठ कमी होतं.

खाली उतरतोय तवर धोंडीबाचा फोन. मला वाटलं शिव्या घालील. तर म्हणतो, "पोरगा पसंत हाय. तुमी मात्र दोनच घास खाल्लं. मीठ कमी पडलं म्हणून रुचिताची आई चुटपुटते."

मिठाचं मी कोणालाच बोललो नव्हतो.

साखरपुड्याला सगळं घर गेलं. आमची कारभारीण येसूबाई अजून सांगत फिरते, केवढं ते अंगण, समोर आंबा, काय ती सावली. आन तुमचे डोळे गेले म्हणून मला टोमणा. मी पण तिथंच होतो की. मला तोच कातळ. पदूच्या बहिणीला, रूपालीला, विचारलं, आंबा कुठं गं? तिनं बोट केलं. कड्याच्या पलीकडं.

धोंडीबाची गाय बांधलेली म्हणं त्याच्या खोडाला. दिसली नाय मला. हंबरताना ऐकली.

खालनं.

उद्या पंगत आंब्याखाली हाय. पावणं, तुमी बाहेरचे, तुमाला काय दिसंल ठाऊक नाय. पर माझ्याशेजारी बसा. आन जेवायला उठा म्हणून हाक आली, की माझा हात धरून ठेवा. भूक लागली म्हणालो, तरी सोडू नका.