जेवलात का?

छकुलीचा दम्याचा पंप संपला. औषधाचं दुकान कोपऱ्यावरच, गेलं की आलं. भर दुपार होती. तिच्या आईने, घरातल्या थोरलीने, शिवणाची सुई उशीत खोचली, चपला सरकवल्या, दाराला हात घातला. दार उघडेना.

हे दार धाकट्या दिराच्या हौसेचं. विजेचं कुलूप, बघायच्या भोकाच्या जागी कॅमेरा, खिडक्यांना आपोआप उतरणारी शटरं. सगळा कारभार भिंतीवरच्या, बोललेलं ऐकणाऱ्या एका डबीकडे. सासरे तेव्हाच म्हणाले होते, "घर बांधलं आपण, आणि किल्ल्या दिल्या तारेला."

पुढे शेजारणीला कोणीतरी तिच्याच लेकाच्या आवाजात फोन करून गंडवलं. त्या दिवशी सासऱ्यांनी सगळ्यांना गच्चीवर नेलं, फोन खाली ठेवायला लावून. म्हणाले, "आवाजाची शंका आली तर विचारायचं, जेवलात का? आपला असेल तो गप्प राहील. चोराला गप्प राहणं जमत नाही."

"ते भाऊजींनाही जमणार नाही," थोरली म्हणाली, आणि सगळे पोट धरून हसले होते.

आता त्यातलं कोणीच घरात नव्हतं. सासऱ्यांना जाऊन वर्ष झालेलं, नवरा परगावी, दीर कामावर.

मागे घरघर झाली. शटरं एकामागून एक खाली आली आणि भर दुपारी घरात अंधार पसरला. डबीचा लाल दिवा लुकलुकत होता. थोरली घाबरली, पण दिराने शिकवलेलं विसरली नाही: काही बिघडलं तर तार उपटायची. तिने डबीची तार उपटली. दिवा विझला. कुलूप खट् करून सुटलं. आता खिटी हाताने सरकली असती.

तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, दार उघडू नका." दिराचाच आवाज. "कोणीतरी घराचा ताबा घेतलाय. मी निघालोय."

"भाऊजी... जेवलात का?"

पलीकडे शांतता. नुसता श्वास. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

"बाहेर कोणीतरी उभं आहे वहिनी. मी येईपर्यंत आतच थांबा."

थांबायचं कसं? छकुलीच्या छातीत शिट्टी वाजत होती, फोनच्या उजेडात ओठ काळवंडत चाललेले दिसत होते. तिला मांडीवर घेऊन थोरली दाराला पाठ लावून बसली. शिवणयंत्राच्या तेलाचा वास कोंडलेल्या हवेत दाट झाला होता.

पाठीमागे दारावर टकटक झाली.

"वहिनी, मी आलोय. पंप आणलाय, उघडा."

तोही दिराचाच आवाज. तार उपटल्यावर कॅमेराही आंधळा झालेला.

"...जेवलात का?"

दाराबाहेर शांतता.

फोन कुजबुजला, "वहिनी, तो मी नाही..."

इकडे आड, तिकडे विहीर. छकुलीने आईची बोटं घट्ट धरली, मग ती पकड सैल पडू लागली. थोरलीने खिटी सरकवली.

दारात भाऊजीच. तेच तिरकं हसू, तोच चुरगळलेला शर्ट. त्याने काही न बोलता पंप पुढे केला. दोन फवारे, तीन... लेकराच्या ओठांवर रंग आला. भाऊजीने आत येऊन दार लावलं, खिटी घातली आणि छकुलीजवळ बसला.

"देवासारखे आलात," थोरली रडत म्हणाली.

मग तिची नजर विझलेल्या डबीवर गेली. पंप संपल्याचं तिने बाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं. ती बोलली होती ती फक्त छकुलीशी, याच खोलीत, त्या डबीसमोर.

तोच जिन्यात धावती पावलं वाजली. कोणीतरी दार धडाधडा बडवू लागलं. फोनमधून आणि दाराबाहेरून एकच आवाज एकदम आला, "वहिनी! आलो मी! उघडा!"

"भाऊजी," थोरली कशीबशी म्हणाली, "जेवलात का?"

बाहेरचा गप्प झाला.

आणि आतला, छकुलीच्या केसांतून हळूहळू हात फिरवणारा, तोही गप्पच राहिला.