महारुद्राची खुडूक

शिवानंदा, दाराकडं पाठ करून बसू नगंस. न्हाय, बस बस. उगंच म्हणलो म्या.

सास्तूरचा महारुद्र, माझ्या मेव्हणीचा शेजारी. औंदा येळवसच्या, रानपूजेच्या अवसंच्या, आदल्या दिवशी सकाळी गडी कोंबडी पिशवीत घालून, पिशवी गाडीच्या हँडलला आडकवून, लोहाऱ्याला जनावराच्या डाक्टरकडं निघाला. लोकं हासली. कोंबडीला का कुणी दवाखान्यात नेतंय?

पर ती ठकी व्हती. त्याच्या मालकिणीची, धुरपदाबाईची. बाई वारली दोन सालाखाली, गर्भपिशवीच्या दुखण्यानं. रातच्याला म्हणायची, "अवो, पोटात कळ मारतीया." ह्यो कूस बदलून म्हणायचा, "गप पड. सकाळी बघू." सकाळ व्हायची, आन् ह्यो रानात जायचा. जीव जाताना बाई येवढंच बोलली, "माझ्या ठकीला तरी सांभाळा."

सांभाळली त्यानं. पायथ्याला गोधडीवर निजायची ठकी. दुसरी कोंबडी घरात न्हाई, गल्लीत बी न्हाई.

तर ठकी चार दिस फुगून बसली. दाणा न्हाई, पाणी न्हाई. ह्याला वाटलं, खुडूक झाली, अंडी उबवाया बसली. आन् खुडूक मोडाया आपुन काय करताव? गार पाण्यात बुडवताव. तीन दिस त्यानं तिला पहाटं हौदात बुडवली, वर डालग्याखाली कोंडली.

डाक्टरनं पोट चाचपलं. "मालक, खुडूक कुठली? अंडं आडकलंय. आत फुटलंय. हिला ऊन पाणी पायजे व्हतं, आन् तुम्ही..."

येताना पिशवीतच गेली.

"आज्या, मंग रस्सा किती झाला?"

हास, बसवेशा, हास. तुला बी घरी अंधारातनंच जायचंय.

त्यानं ती लिंबोणीखाली पुरली. डालगं तसंच पालथं, वर धोंडा, आंगणात. कुणी हात लावला न्हाई. दुसऱ्या दिशी येळवस. सारा गाव रानात भज्जी-आंबील खाऊन आलेला, दहाला गल्ली गपगार. महारुद्र एकटाच, आत.

रातचं पावणेदोन. लाईट गेल्याली. झोपंतच त्याला कण्हल्यागत ऐकू आलं. बारीक. कुंथल्यागत.

कुर्र... कुर्र...

ह्यो कूस बदलून म्हणला, "गप पड. सकाळी बघू."

कण्हणं थांबलं.

मंग डोळं उघडलं त्याचं.

आपुन... कुणाला म्हणलो?

पायावर वजन व्हतं. कोंबडीयेवढं. गोधडी वली. गार. हौदाच्या पाण्यागत गार.

ह्यो हालंना.

वजन पायावरनं गुडघ्यावर आलं. गुडघ्यावरनं पोटावर. तितं बसलं... आन् कुंथाया लागलं.

"धुरपदे..." त्यो म्हणला. "आता बघतो. आताच बघतो गं. सकाळी न्हाई..."

...

वजन उतरलं.

भाईर डालग्यात खडखड झाली. एकदा. मंग काय न्हाई.

त्यो काय उठला न्हाई. उजाडंस्तवर डोळं उघडं ठिवून पडला. सकाळी मला फोन. म्या त्या दिशी मेव्हणीकडंच मुक्कामाला. चहा तसाच ठिवून गेलो. मनात म्हणलो, जाऊन जरा गंमत करावी ह्याची. जलमभर लोकाला भ्या दावल्यालं माणूस म्या.

गोधडी कोरडी. लिंबोणीखालची माती जशीच्या तशी. डालग्यावर धोंडा जागच्या जागी.

"तुमीच उचला, आण्णा," महारुद्र म्हणला.

उचललं.

खाली अंडं. येक. ऊन ऊन.

आता धुरपदाबाईची येक सवय व्हती. उबवाया ठिवायच्या अंड्याला ती करंगळीनं काजळाचा ठिपका लावायची. म्हंजी चुकून कुणी फोडू नये.

ह्या अंड्याला ठिपका व्हता.

म्या बोट लावून बघितलं...

काजळ वलं व्हतं.