तिसऱ्या हाकेला

आळेफाट्याच्या चौकातून नगरकडे वळलं की डाव्या हाताला दलीचंदशेटचं दुकान लागतं. पाइप आणि पाण्याच्या मोटारी. दुकानावरच्या खोलीत, २००८ साली, त्यांच्या धाकट्या लेकीचं, टीनाचं ऑफिस होतं. इंजिनिअर झालेली पोरगी पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जाईल असं घरात सगळ्यांनी धरलं होतं, आणि ही बाई जिना चढून वर जाऊन बसली. दलीचंदशेट गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची पोरगी लांब असते. वीस पायऱ्या."

धंदा दोघांचा होता, टीनाचा आणि आदेशचा. आदेश मढ गावचा, टीनाच्याच वर्गातला. गावच्या डेअरीत सकाळी दूध घातलं की लिटर आणि फॅट फोनच्या तारेवरून त्या खोलीतल्या संगणकात येऊन पडायचं, अशी सोय त्यांनी केली होती. जुळणी सगळी आदेशची. खऱ्या संगणकाच्या पोटात त्याने दुसरा, नुसता प्रोग्रामचा संगणक बसवला होता, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणायचं. त्याच्या आत पुन्हा वेगळ्या बंद खोल्या केल्या होत्या, ते कंटेनर. एका गावाला एक खोली, आणि आत शिरायला प्रत्येकीला एकच दार, म्हणजे पोर्ट. एका गावात बिघाड झाला तरी शेजाऱ्याला झळ लागू नये, एवढाच त्यातला हेतू. एकशे एक, दोन आणि तीन नंबरच्या खोल्या सुरळीत चालू होत्या. एकशे चार मढची ठरली होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मढच्या डेअरीत मशीन बसवायला आदेश मोटरसायकलवरून गेला. डेअरीत पोचलाच नाही. पिंपळगाव जोग्याच्या धरणाकाठी दुसऱ्या दिवशी गाडी सापडली. स्टँडवर नीट लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, किल्ली जागेवर. मागे बांधलेला मशीनचा खोका मात्र नव्हता. पाण्यात आठ दिवस शोध घेतला, हाती काही लागलं नाही. टीनाचा त्याच्यावर जीव होता. तिने हे त्याला सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर सांगू, असं तिचं चाललं होतं.

महिना उलटला तशी मढची डेअरी मागे लागली. आदेशभाऊंचं वाईट झालं, पण काम कधी होणार? श्रावणातल्या एका दुपारी टीनाने मन घट्ट केलं, टेबलावरच्या दुसऱ्या संगणकावरून मढच्या दाराला हाक घातली आणि घड्याळाकडे बघत बसली.

या हाकांचा एक रिवाज असतो. आत ऐकणारं कुणी नसेल तर तिथल्या तिथे नकार येतो. वाटेतच कुणी अडवलं असेल तर काहीच येत नाही. मग संगणक तीन सेकंदांनी दुसरी हाक मारतो, आणखी सहा सेकंदांनी तिसरी, आणि नाद सोडतो. पहिली हाक गेली, काही नाही. दुसरी गेली, काही नाही. तिसरीला पडदा काळा झाला आणि डाव्या कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकू लागली.

दार उघडलं होतं. आतून अक्षर आलं नाही. नुसती ओ.

पहिल्या दोन हाका कुठे गळतात ते शोधायला टीना बसली. बाहेरच्या संगणकावरून आत धाडण्याचा नियम बरोबर होता. पहारा देणारा प्रोग्राम तिने बंद करून बघितला. व्हर्च्युअल मशीनमधले नियम बोट ठेवून ओळीओळीने वाचले. कुठेही काही वावगं नव्हतं. शेवटी तिने खोल्यांची यादी काढली.

एकशे एक. एकशे दोन. एकशे तीन.

एकशे चार नव्हतीच. आदेशने दाराचा नंबर तेवढा आधी देऊन ठेवला होता. खोली तो मढहून परत आल्यावर बांधणार होता.

तिने बाहेरची तार उपटली. तिन्ही खोल्या बंद केल्या. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. खाली दलीचंदशेटांनी दोन मोटारी विकल्या, चहा पाठवला, तो गार झाला. दर वेळी तेच. दोन हाका वाया, तिसरीला ओ. बरोबर नऊ सेकंद.

हे नऊ सेकंद तिने मढला कळवायला नको होते. पण आदेशच्या आईला, चिमाबाईला, ती रोज फोन करायची. म्हातारी घरात एकटी, नवरा आधीच गेलेला. तिला फोन लावणं हा एक सोहळाच असे. ती रिसीव्हर उचलायची आणि गप्प राहायची. "मावशी" म्हणून तीनदा म्हटलं की मगच "ओ" यायची. आदेश म्हणायचा, आमच्या आईला तिसऱ्या हाकेला रेंज येते.

त्या दिवशी "ओ" ऐकली आणि टीनाच्या तोंडून सगळं निघून गेलं.

चिमाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग जिता हाय माजा पोरगा."

"मावशी, अहो ते मशीन आहे."

"आसंल. पन तुला सांगते, टिने. जित्या मानसाला ओ द्यायला येळ लागतो. कामात आसतं, हात धुतं, कोन हाय म्हनून कानोसा घेतं. मेलेलं वाटच बघत आसतं, ते पहिल्या हाकेला ओ देतं. आन् स्वता हाक मारतं ना, तवा एकदाच मारतं. म्हनून दिवं लागल्यावर तीनदा हाक आल्याबगर आमी दार उघडत न्हाई. आदेशला मी पाळण्यात आसल्यापून ह्येच शिकवलंय."

टीनाला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. उलट महिन्याभरात पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली.

तेव्हापासून नेमच पडला. संध्याकाळ झाली, समोरच्या हॉटेलात कढई चढली की टीना मढच्या दाराला हाक घालायची. मग फोन. "कितव्या हाकंला?" "तिसऱ्या, मावशी." "बरं हाय." आणि दोघी आपापल्या कामाला लागायच्या.

डेअरीला ती आज-उद्या करत राहिली. खरी खोली बांधायची तर आत्ता तिथे जे कोण बसलंय त्याला उठवावं लागलं असतं. ते तिच्याच्याने होईना. बाहेर पाऊस नुसता तरंगत असायचा, चौकातले ट्रक दिवे लावून धुक्यातून सावकाश जायचे, आणि ती त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहायची. एका संध्याकाळी तिने त्यावर लिहिलं, आदेश, जेवलास का. उत्तर आलं नाही. रेघ मात्र लुकलुकायची क्षणभर थांबली, असं तिला वाटलं. मग तिने दिवाळीनंतरचं सगळं त्या दिवशीच लिहून टाकलं. रडली, आणि हलकी झाली.

पोळ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दिवसभर ढग खाली उतरलेले, चारलाच दिवे लावायची पाळी आली. साडेसहाला टीनाने रोजच्यासारखी हाक घातली आणि चहाचा कप उचलला. नऊ सेकंद हातात आहेत, हे आता तिच्या अंगवळणी पडलं होतं.

कप ओठाला लागायच्या आत पडदा काळा झाला.

तिने दार मिटलं. पुन्हा हाक घातली.

पहिल्याच हाकेला.

पुन्हा. पहिल्याच.

तिने काल कशालाही हात लावला नव्हता, आजही नाही. नियम तेच, यादी तीच. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. पाचव्यांदा तिने कळीवर बोट ठेवलं, आणि दाबायच्या आधीच पडदा काळा झाला, असं तिला दिसलं. तिने हात मांडीवर घेतले.

तेवढ्यात फोन वाजला.

"टिने," चिमाबाई म्हणाली. आवाज दबका होता. "आज कितव्या हाकंला आली?"

टीनाला वाटलं, सांगावं. मग तिला ती म्हातारी दिसली, ते धुक्यातलं घर, एकटा दिवा. आपणच दिलेला आधार आपल्याच हाताने कसा काढून घ्यायचा? आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच ते मोठ्याने म्हणवेना.

"तिसऱ्या, मावशी," ती म्हणाली.

पलीकडे सुटल्यासारखा श्वास ऐकू आला.

"देव पावला गं. मगाधरनं जीव टांगनीला लागला व्हता. दिवा लावला आन् भाईरनं हाक आली, आई म्हनून. त्याचाच आवाज. एकदाच. मी गप बसून ऱ्हायले. दुसरी न्हाई, तिसरी न्हाई. पायरीवर कोनतरी हाय, वल्या कापडाचं पानी गळतंय, ते ऐकू येतंय मला. पन तू म्हनतीस तिसऱ्या हाकंला, मंग जिताच हाय तो. भिजला आसंल, आवाज निघत नसंल त्याचा. थांब, उघडते."

"मावशी, नका. मावशी, मी खोटं—"

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा खट्ट आवाज झाला.

पावलं लांब गेली. कडी निघाली. चिमाबाईचा आवाज आला, लांबून, लाडाचा. "ओ. आले रे बाबा."

मग काही नाही.

पावसाचाही आवाज नव्हता. टीना रिसीव्हर कानाला गच्च दाबून बसली. समोर काळ्या पडद्यावर रेघ लुकलुकत होती. ती थांबली. मग पडदाच मिटला, आणि पलीकडून दार लावल्याचा निरोप तेवढा खाली उमटला. तिने हाक घातली, तर लगेच नकार आला. आत कुणी नव्हतं.

खाली दलीचंदशेट शटर ओढत होते. टीनाने ओठ ओले केले. तीनदा म्हणायचं, तिने मनाशी ठरवलं. तीनदा म्हटल्याशिवाय मावशी कधी बोलत नाहीत. घाबरायचं नाही.

"मावशी?"

"ओ," चिमाबाई म्हणाली.