तुटलेल्या उसाची सळसळ

सणसरच्या फाट्यावरून घरापर्यंत मी उसाच्या आधारानं येतो. मला दिसत नाही. ही होती तेव्हा तिच्या खांद्यावर हात ठेवून येत असे. ती गेल्यापासून उजवीकडचा ऊस ऐकायचा आणि चालायचं. पानं सळसळतात तोवर आपण वाटेवर. लोकांना वाटतं, मला अंधाराची भीती असेल. मला भीती मोकळ्या रानाची.

त्या संध्याकाळी गोळ्या आणायला फाट्यावर गेलो होतो. बारामतीहून मुलाचा, युवराजचा फोन आला.

"तात्या, वाटंवरचा ऊस आज तुटला म्हणं. त्या रानातल्या विहिरीला कठडा न्हाय. एकटं निघू नका. आन् आता हितं ऱ्हायलाच या."

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर बसून लिफ्टचा आवाज ऐकू?"

"ऐका की. लिफ्टीत कुणी बुडत न्हाय."

मी हसलो आणि निघालो. पडलो तर बारामती. नीट पोचलो तर माझं घर माझं.

ओढ्याचा पूल मागं पडला. जळत्या पाचटाचा वास आला. पुढं सगळं सपाट. टाळी वाजवली, तिचा आवाज गेला तो गेलाच, कशावर आपटून परत आला नाही. काठी टेकावी तिथं ढेकूळ. वाट कुठली, रान कुठलं, कळेना. जागीच उभा राहिलो.

आणि उजवीकडे पानं सळसळली.

एखादी ओळ तोडायची राहिली असावी. हात लांब केला. थंड, धारदार पानं बोटांवरून सरकली. मी त्यांच्या कडेनं चालू लागलो. वारा पडला होता, तरी सळसळ थांबत नव्हती. नवल वाटलं, पण भीती नाही...

कुणीतरी माझा दंड घट्ट धरला. शेजारची वहिदा, धापा टाकत.

"किती हाका मारल्या, तात्या! ऐकू बी येईना झालं व्हय?"

"उसाच्या कडेनं येत होतो."

"ऊस...? समदं रान मोकळं हाय." तिचा आवाज खाली गेला. "तुमी विहिरीभवती फिरत हुता... पार काठावरनं... हात बाजूला लांब धरून. पाय कसा सरकला न्हाय, अल्ला जाणे."

त्या उसानं मला विहिरीपासून राखलं, की तिच्याभोवती फिरवलं, हे अजून मला ठरवता येत नाही. तात्या नीट पोचले, एवढंच युवराजला सांग, अशी मी वहिदाला विनवणी केली. तिनं ऐकलं. घर माझं राहिलं.

सकाळी दार उघडलं. मोकळ्या अंगणात, पायरीला लागूनच पानं सळसळली. मागचं दार उघडलं, तिकडेही.

थोड्या वेळानं वहिदा भाकरी घेऊन आली. "घ्या, गरम हाय." भाकरीची ऊब माझ्या तळहातावर आली, तिची बोटंही लागली.

तिचा आवाज मात्र लांबून आला... दाट उसाच्या पलीकडून.