डाव्या कानाचा हक्क

"जरा मागे घ्या ना... त्या पिंपात कोण लपलं होतं, ते मला दिसलंच नाही!"

लोणी काळभोरहून स्वारगेटला निघालेल्या बसमध्ये स्पृहा हे बोलून बसली, आणि मग कुठे तोंड लपवू असं तिला झालं. कारण मोबाइल तिचा नव्हता. तो शेजारी बसलेल्या तरुणाचा होता आणि त्यावरची समुद्री चाच्यांची मालिका ती मघापासून मान तिरकी करकरून फुकटात बघत होती.

त्याने वळून पाहिलं. रागावला मात्र नाही.

"पिंपात शुक्रा होती. पण आवाजाशिवाय तुम्हाला काय कळणार?" त्याने आपल्या डाव्या कानातला इअरबड काढला, रुमालाने पुसला आणि तिच्यापुढे धरला. "हा घ्या."

तो सौमित्र. तिच्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा आणि ती संख्याशास्त्र. पण इमारती वेगळ्या, म्हणून ओळख नव्हती. एरवी तो मोटारसायकलने यायचा, त्या दिवशी गाडी दुरुस्तीला होती एवढंच निमित्त. पुढच्या शुक्रवारीही तो बसमध्ये दिसला. त्याच्या पुढच्याही. 'सागरचोर'चा नवा भाग शुक्रवारी पहाटे यायचा आणि संध्याकाळी बसमध्ये दोघं मिळून तो बघायची. आधी कुणी एकट्याने बघायचा नाही, असा नियम ठरला. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडल्यावर कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. आणि डावा बड स्पृहाचा झाला. "डावा तुझा," एकदा तो सहज म्हणाला होता. तो सहज म्हणाला असेल, तिने मात्र ते मनावर घेतलं.

याच्या पलीकडे तो काही बोलला नव्हता. आणि आता मालिकेचा शेवटचा भाग आला होता. कप्तान दौलत आणि त्याची शुक्रा यांचं काय व्हायचं ते होवो. भाग संपला की सौमित्रला बसने यायचं काही कारणच उरणार नव्हतं. स्पृहाला खरी धास्ती होती ती त्याची.

त्या शुक्रवारी सकाळी तिने नियम मोडला. शेवट बघून आपण रडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि सौमित्रसमोर नाक लाल करून बसायची तिची तयारी नव्हती. शेवटची दहाच मिनिटं बघावीत आणि काय रडायचं ते घरीच रडून घ्यावं, असा साधा विचार. गॅसवर दूध ठेवून ती ओट्याला टेकली. तिकडे दौलतने शुक्राला छोट्या होडीत उतरवलं, होडीची दोरी कापली आणि आपलं जहाज सरळ शत्रूच्या तोफांसमोर नेलं. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही मेल्याने! दूध उतू गेलं, ओट्यावरून फरशीवर आलं, तरी स्पृहा हुंदके देत उभीच.

आई धावत आली. "काय गं? कोण गेलं?"

"कप्तान दौलत!"

"कुठले? मिलिटरीतले का?"

"नाही गं... समुद्रातले. चाचे."

आईने शांतपणे गॅस बंद केला. "बरं. सुतक फिटलं की ओटा पूस. आणि येताना मंडईतून तोंडली आण."

आता संध्याकाळी साळसूद चेहऱ्याने बसायचं, एवढंच बाकी होतं. पण दुपारी कॅन्टीनच्या खिडकीतून तिने जे पाहिलं, त्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कोपऱ्यातल्या टेबलाशी सौमित्र आणि दीक्षा. ही दीक्षा त्याच्याच विभागात शिकवायची, त्याच्याच शेजारच्या खुर्चीत बसायची आणि त्याचा विनोद संपायच्या आत हसायची. दोघांची डोकी एका मोबाइलवर वाकलेली होती. दीक्षा नाक पुसत होती. आणि तिच्या डाव्या कानात... तो पांढरा बड!

दीक्षाने त्याचा डबा संपवला असता तरी स्पृहाने एक वेळ चालवून घेतलं असतं. पण डावा बड? आपणही सकाळी नियम मोडलाय, हे तिला आठवलं नाही असं नाही. पण तिने एकटीने पाहिलं होतं. एकटीने बघणं निराळं आणि दुसरीला कानाशी घेऊन बघणं निराळं, असा निवाडा तिने जागच्या जागी देऊन टाकला आणि पुढच्या तासाला पोरांना तीन अवघड गणितं जास्त घातली.

संध्याकाळी सौमित्रने खिडकीची जागा बॅग ठेवून धरली होती. मागच्या सीटवर नेहमीचे कानटोपीवाले काका होते. तेही शुक्रवारी हटकून याच बसला असायचे.

"आज उशीर?" सौमित्रने विचारलं.

"तास होता. सगळ्यांनाच दुपारी मोकळा वेळ नसतो."

त्याने डबीतून डावा बड काढला आणि रुमालाने पुसू लागला.

"आज फार पुसतोयस," स्पृहा म्हणाली.

"धूळ असते गं."

"हो ना. हल्ली कॅन्टीनमध्ये फार धूळ झालीये."

सौमित्र गडबडला. "घे ना..."

"नको. कान दुखतोय. डावा."

"मग उजवा घे."

"उजवा तुझा आहे. ज्याची वस्तू त्याच्याकडेच राहावी. काही लोकांना कळत नाही ते."

तो बिचारा हात तसाच धरून बसून राहिला. बस मांजरी गाव ओलांडून पुढे आली तरी हात तिथेच. शेवटी तिने बड घेतला... शेवटचा दिवस होता ना! कानात घालताना तिला उगीचच वाटलं, तो अजून कोमट आहे.

पडद्यावर शुक्रा दात दाखवून हसली. सौमित्र हळूच म्हणाला, "काय हसते ना ही..."

"कुणासारखी? दीक्षासारखी?"

"दीक्षा? तिचा काय संबंध इथे?"

"मला काय माहीत? तुलाच माहीत असणार."

हडपसर गेलं, फातिमानगर आलं. खिडकीतून गार वारा येत होता, त्याचं कोपर तिच्या कोपराला मधूनमधून लागत होतं आणि ती दर वेळी रागाने जरा सरकत होती — फार नाही, जरा. दौलत शुक्राचा हात धरून जहाजाच्या काठाशी आला आणि सौमित्रने एकदम चित्र थांबवलं.

"आज... इथेच थांबू या का? पुढचं नंतर कधीतरी बघू."

"नंतर कधीतरी?" स्पृहा उसळली. "ऐन दोरी कापायच्या वेळी?"

सौमित्र तिच्याकडे वळला. "स्पृहा... दोरी अजून आलीच नाहीये."

ती गोरीमोरी झाली. पण माघार घेणाऱ्यांतली ती नव्हती.

"हो, पाहिलं मी! सकाळी! एकटीने, दूध उतू घालवून! पण मी तुझा बड दुसऱ्या कुणाच्या कानात नाही घातला!"

पुढचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. तिला पर्वा नव्हती. तिने कानातल्या बडवर बोट ठेवलं.

"डावा बड माझा होता, सौमित्र. विकत तू घेतला असशील. पण तो माझा होता."

"तुझाच आहे," तो घाईघाईने म्हणाला. "ऐक ना. मला आज, भाग संपल्यावर, तुला काही विचारायचं होतं. ते दीक्षाला सांगितलं, तर ती म्हणाली, गाढवा, आधी शेवट बघून घे. तो कप्तान मेला आणि स्पृहा रडत बसली, तर तू विचारणार काय, कपाळ? म्हणून बघायला बसलो. तिनेच बड उचलून कानात घातला, मला नाही म्हणता आलं नाही... आणि तो मेलाच की गं! म्हणून थांबवलं. तो मरायच्या आत विचारावं म्हणून."

स्पृहाचा राग निम्म्यावर आला. पण ती तसं दाखवेल कशाला?

"काय विचारायचं होतं?"

"पुढच्या शुक्रवारी... मालिका नसली तरी... मी बसने आलो तर चालेल?"

"तुझी गाडी?"

"ती पहिल्याच आठवड्यात दुरुस्त होऊन आली होती."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. पुलगेटचे दिवे लागले होते. इतके दिवस हा माणूस धडधाकट गाडी घरी ठेवून, या गर्दीत धक्के खात...

"फक्त शुक्रवारी?" तिने बाहेर बघतच विचारलं.

"रोज. मला तू आवडतेस, स्पृहा. आधीच सांगायला हवं होतं. पण दर वेळी वाटायचं, अजून भाग शिल्लक आहेत."

"मला तुझा राग आलाय," ती म्हणाली. "दीक्षाचाही आलाय, आणि तो इतक्यात जाणार नाहीये. आणि... मला तू आवडतोस. हे सगळं एकदमच आहे. चालेल?"

"पळेल," सौमित्र म्हणाला.

मागून खाकरल्याचा आवाज आला. कानटोपी दोन सीटांच्या मधून पुढे आली.

"तुमचं ठरलं असेल, तर तो कप्तान कसा मेला ते जरा दाखवता का? सगळे शुक्रवार मागून बघतोय मी. आवाज नाही, काही नाही. मी आपला त्या दोघांना बहीण-भाऊ समजत होतो."

स्वारगेटला तिघं उतरले आणि डेपोतल्या बाकावर बसले. सौमित्रने काकांच्या हातात मोबाइल दिला, उजवा बड दिला. स्पृहाने डावा मुठीत घट्ट धरला होता. क्षणभर तिने त्याच्याकडे पाहिलं, मग ओढणीने पुसून स्वतःच तो काकांपुढे केला.

"जपून हं काका. हा माझा आहे."

काका कानटोपी वर सरकवून बघायला लागले. शेजारी ही दोघं रिकाम्या कानांनी बसली. इतक्या शुक्रवारांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

"मला मंडईत जायचंय," स्पृहा म्हणाली. "तोंडली घ्यायला."

"मी येऊ?"

"निवडता येतात?"

"शिकेन."

एवढ्यात काकांनी मोठ्याने नाक ओढलं. दोरी कापली गेली होती. सौमित्रने त्यांना रुमाल दिला आणि स्पृहाचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही.

काकांनी डोळे पुसले, मोबाइल परत केला.

"मूर्ख आहे तुमचा कप्तान," ते उठता उठता म्हणाले. "होडीत दोघांना पुरेल एवढी जागा होती."

आणि न विचारता त्यांनी उजवा बड सौमित्रच्या हातावर ठेवला, डावा स्पृहाच्या.