बराकीतलं पहिलं गाणं

सरका जवळ. हे आमच्या हौसाबाईच्या बाबतीत घडलेलं. बालवाडीची बाई, गळा असा की अंगणातली माणसं उठायची नाहीत.

चौऱ्याऐंशी साल, कार्तिकातली अमावास्या. रत्नागिरीबाहेर, समुद्राकडच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, जांभ्या दगडाची जुनी लष्करी बराक होती, कित्येक वर्षं कुलूपबंद. खटपट करून वाडीवाल्यांनी ती मिळवली. तिथं नमन, नाटकं, भीमगीतं, सगळ्यांचं सगळं होणार होतं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. पण आदल्या संध्याकाळी रंगमंच बांधणारे सुतार पळून आले. आत बूट वाजतात, म्हणाले. मग कोणी तिकडं फिरकेना. उद्घाटन मोडलं असतं तर बराकीला पुन्हा कुलूप लागलं असतं.

रंगमंचाचा पडदा हौसाबाईनं शिवलेला. तो तिनं काखोटीला मारला, कंदील घेतला.

"अगो बाय, सकाळी टांग की!" सासू म्हणाली.

"सकाळी येणार कोण, आत्या? रात्र मी तिथं काढली, तरच माणसं आत पाय ठेवतील."

बराकीत जाऊन पडदा टांगला. वारा पडलेला. ती रंगमंचावर टेकली.

तेवढ्यात पडवीत बूट वाजले.

खाड... खाड...

"कोण हाय?"

कंदिलाची वात खाली गेली. बूट आत आले. अंधारातनं जागा सोडायचा हुकूम आला.

"खाली करो!"

दार समोर होतं. उघडं. पळता आलं असतं...

"नाय करत," ती म्हणाली.

"खाली करो!"

"माझा पणजा ह्याच बराकीतल्या पलटणीत शिपाई होता. आमची जात बघून वर्दी उतरवलीत, ह्याच दारातनं अनवाणी हाकललंत. तो गेला. मी नाय जायची!"

बूट पुढं आले. अजून पुढं. अगदी रंगमंचापर्यंत...

तिनं डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. आवाज फाटला. पुन्हा लावला. गात राहिली.

बूट थांबले.

...

पहाटे वाडी धावत आली, तेव्हाही ती गात होती. घसा बसलेला. संध्याकाळी त्याच जागी उद्घाटन झालं, आणि पहिलं गाणं तिचंच.

पण पहाटे सगळ्यांनी पाहिलं ते सांगतो. जमिनीवर लाकडाचा भुसा पसरलेला. त्यात दारापासून बुटांचे ठसे, थेट रंगमंचापर्यंत आलेले. आणि बुटांच्या समोर, हौसाबाईकडं पाठ करून कोणी तरी ठाम उभं राहावं तशी... दोन अनवाणी पावलं.

तिच्या पावलांहून खूप मोठी.