तबकडीवरचे डाग

चिखलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते, तेही घड्याळी तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचं मानधन. 'घड्याळी तासिकेच्या बाईजवळ घड्याळच नाही,' हा स्टाफरूममधला विनोद मी जूनपासून ऐकत होते. वर्गात फोन न्यायला बंदी आहे. तास संपत आला हे मला मुलांच्या वह्या मिटण्याच्या आवाजावरून कळायचं. पहिलं मानधन जमा झालं तेव्हा ठरवलं, चावीचं जुनं घड्याळ घ्यायचं. त्याच पैशात सेलवर चालणारं नवंकोरं आलं असतं, पण त्यात पाहण्यासारखं काही नसतं. चावीच्या घड्याळात स्प्रिंग असते, दातेरी चक्रं असतात. मी फळ्यावर जे काढते ते तिथे खरोखर घडत असतं.

घेण्याआधी बरंच वाचलं. त्यातून एक नियम पक्का लक्षात राहिला : जुन्या घड्याळाची तबकडी चकचकीत असेल तर ते घेऊ नये. ती पुन्हा रंगवलेली असते. थोडी पिवळी पडलेली, डागाळलेली तबकडी चालेल. तिने काही लपवलेलं नसतं.

मोताळ्याच्या आठवडी बाजारात रंगराव नावाचा माणूस कुलपं, टॉर्च आणि जुनी घड्याळं विकतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. बुलढाण्याला गाडी बदलून मी तिथे गेले. पर्समध्ये प्रयोगशाळेतलं भिंग होतं.

"ताई, हे घ्या नं. हिरवं. कसं चमकून राह्यलं पाहा."

"तबकडी नव्याने रंगवलेली आहे याची."

"मंग? लग्नात नवरी बी रंगवतेतच नं."

शेजारची कांदेवाली हसली. मी पत्र्याच्या डब्यातलं एकेक घड्याळ भिंगाखाली पाहत राहिले. तळाशी एक लहानसं पोलादी घड्याळ होतं. बनवणाऱ्याचं नाव पुसून गेलेलं. चावी दिल्यावर लगेच चालू झालं, आवाज स्वच्छ. आणि तबकडीवर, खऱ्या काट्यांच्या खाली, आणखी दोन काटे असावेत तसे दोन तपकिरी डाग होते. सव्वाचार दाखवणारे.

मला आनंद झाला. याबद्दल मी वाचलं होतं. जुन्या काळी काटे अंधारात दिसावेत म्हणून त्यांवर रेडियमचा लेप देत. असं घड्याळ बंद पडून वीस-तीस वर्षं तसंच राहिलं, तर काट्यांखालची तबकडी किरणांनी हळूहळू करपते आणि काट्यांची सावली कायमची उमटते. असा डाग कुणी मुद्दाम खोटा रंगवत बसत नाही; म्हणजे तबकडी मूळचीच होती.

"यात रेडियम आहे," मी म्हणाले.

"रेडियम तं मोटारसायकलीले लावतेत, ताई. मांगं 'आईचा आशीर्वाद' लिहितेत, ते."

"हे आलं कुठून?"

"एका पोरीनं आनून देल्लं. विशीची असंन, पन बोलनं माह्या आजीवानी. पैसे देल्ले तं मोजले बी नाही. वार इचारला. मंग म्हने, सन कोनतं चालू हाय?" तो हसला. "शिकेल दिसे."

मी घड्याळ कानाशी धरलं होतं. त्याचं बोलणं अर्धवटच ऐकलं.

घरी दादा, संजीवनी वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची महामाया, म्हणजे आमची माया. मी पहिल्याच दिवशी बजावलं, की काच बंद आहे तोवर भिण्यासारखं फार नाही, पण हे मायाच्या हाती द्यायचं नाही. माया नाराज झाली. तिला घड्याळ कळत नव्हतं, पण वेळेचं वेड होतं. 'पाच मिनिटं थांब' म्हटलं, की ती उड्या मारत दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, "झाले का? आता झाले का?" वहिनी वैतागायची. "पाच मिनिटं काय घोड्यावर बसून येतेत काय वं?"

नवा चामडी पट्टा लावून मी ते घड्याळ वर्गात घालू लागले. वेळ बरोबर दाखवत होतं. पहिला आठवडा काहीच घडलं नाही.

मग एका मंगळवारी बारावीच्या वर्गात मी फळ्यावर लोलकाचं सूत्र लिहीत होते. मध्ये थांबल्याचं मला आठवत नाही. पण वळून पाहिलं, तर समोरच्या मुलांपैकी एकाचंही नाव मला आठवेना. चेहरे ओळखीचे होते, पण खूप जुन्या ओळखीचे. जणू मी यांना कधीकाळी शिकवलं होतं. हातातला खडू जड वाटत होता. पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, बरोबरच्या चिन्हापुढं लिवा नं." मी त्या चिन्हाकडे पाहिलं. पुढे काय लिहायचं असतं, ते समजायला मला बराच प्रयत्न करावा लागला. मधल्या सुट्टीपर्यंत नावं एकेक करून परत आली. सकाळी काही खाल्लं नव्हतं, म्हणून चक्कर आली असेल असं मी धरून चालले.

संध्याकाळी पट्टा सोडताना तो भेगाळलेला दिसला. नवा पट्टा. दुकानदाराने फसवलं म्हणून मी घड्याळ उजेडात धरलं आणि तबकडी पाहिली.

सव्वाचारचा डाग होता तसाच होता. पण बाराच्या थोडं अलीकडे आणखी एक डाग पडला होता. दोन काट्यांचा. आकार, जाडी, सगळं तेच.

बाजारातच काढलेला फोटो माझ्या फोनमध्ये होता. त्यात हा डाग नव्हता. मी फोटो मोठा करून पाहिला, उजेड बदलून पाहिला, भिंगातून पाहिलं. डाग रंगाचा नव्हता. तबकडी आतपर्यंत करपली होती. असं करपायला काटे वर्षानुवर्षं एका जागी उभे असावे लागतात. डाग खरा मानला, तर त्या दिवशी दुपारी बाराच्या आधी केव्हातरी हे काटे वीस-तीस वर्षं हलले नव्हते, असं म्हणावं लागत होतं.

आणि त्या वेळी घड्याळ माझ्या हातात होतं.

असा निष्कर्ष कुणी विद्यार्थ्याने लिहिला असता, तर मी उत्तर तपासून पाहा म्हटलं असतं. म्हणून तपासलं. घड्याळ चावी देऊन टेबलावर ठेवलं, काही दिवस. नवा डाग पडला नाही. मग रविवारी ते पुन्हा हातात घातलं आणि दिवसभर घरीच राहिले. नजर त्याच्यावरच होती. सेकंदकाटा एकदाही थांबताना दिसला नाही. दुपारी मी चहा ठेवायला उठले आणि गॅससमोर नुसती उभी राहिले.

"काय शोधून राह्यली, शीलाताई?" वहिनीने विचारलं.

"साखर."

"अवं, साखर तं रोजच्याच जाग्यावर हाय."

रोजची जागा कोणती, हे मला माहीत नव्हतं. या घरात माझा जन्म झाला आहे. वहिनी गमतीने माझ्या खांद्यावर चापट मारायला आली, आणि तिचा हात लागताच मला रडू फुटलं. का, ते मला सांगता येईना. फार दिवसांनी कुणाचा तरी हात लागला, एवढंच वाटलं.

तबकडीवर तिसरा डाग होता.

मी घड्याळ काढलं, स्टीलच्या डब्यात घातलं आणि डबा कपाटावर ठेवला. येत्या बाजारी रंगरावला परत द्यायचं, आणि तो घेणार नसेल तर तिथेच ठेवून यायचं, असं ठरवलं. वहिनीला सांगितलं, ते बिघडलं आहे. खरं कारण सांगितलं नाही; सांगण्यासारखं वाक्य मला जुळवता आलं नव्हतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी मायाच्या शाळेत वेशभूषेचा कार्यक्रम होता. मी कॉलेजातून थेट तिकडे गेले. मांडव भरला होता. वहिनी पहिल्या रांगेत फोन धरून बसली होती. मला मागे एका खांबाजवळ जागा मिळाली. एक भाजीवाली झाली, एक पोलीस झाला, त्याची टोपी डोळ्यांवर येत होती. मग माया आली. माझी निळी ओढणी साडीसारखी गुंडाळलेली, हातात खडू. ती मी झाली होती.

टाळ्या वाजल्या. तिने प्रेक्षकांत आईला शोधायला मान उंचावली आणि खडूचा हात वर केला.

ओढणी घसरली. कोपराच्या थोडं खाली घड्याळ होतं.

मी खुर्च्यांमधून पुढे निघाले. कुणाचा तरी पाय तुडवला. "अवं बाई, दिसत नाही काय?" कुणीतरी म्हणालं.

"मुलांनो, शांत बसा," माया माझ्या आवाजात म्हणाली. लोक हसले. "पाच मिनिटांत तास..."

ती थांबली.

थांबली म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग तिने वाक्य पूर्ण केलं नाही. हात हळूच खाली घेतला. खडू वाकून नीट जमिनीवर ठेवला. मांडी घालून बसली, आणि समोरच्या गर्दीकडे पाहू लागली.

लोकांना वाटलं पोर लाजली. पुन्हा टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या आवाजाने ती दचकली, अंग चोरून घेतलं.

मी तिच्यापाशी पोचले. घड्याळ सोडायला गेले, तर पट्ट्याचे तुकडे माझ्या हातात आले. तिचा हात तोच होता, लहान, गरम. नखांना सकाळी लावलेलं गुलाबी नेलपॉलिश तसंच होतं.

"माया," मी म्हणाले.

या नावाचं काय करायचं ते तिला कळलं नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. फार लांब ठेवलेली वस्तू काढावी, तसा तिने शब्द काढला.

"आत्या."

"हो. हो, मीच."

तिने मांडवाकडे एकदा पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणलं. आवाज तिचाच होता, पण घाई नव्हती त्यात. रडणंही नव्हतं.

"आई हाय का अजून?"

वहिनी तेवढ्यात पुढे आली. माझ्या हातातले तुकडे पाहून ती ओशाळली. "रागावू नोको. मले आत्यावानीच व्हायचं म्हनून रडे. म्हटलं बंदच तं हाय, एका घंट्यानं काय होते? चालू कधी झालं त्याचं मले बी नाही समजलं." मायाने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि बोटांनी चाचपला. भुवया, नाक, हनुवटीचा व्रण. वहिनी हसत होती. मग हसायची थांबली.

डॉक्टर म्हणाले, गर्दीला घाबरली असेल, होईल बरी. आणि ती बरी होते आहे. जेवते, झोपते. अक्षरं विसरली होती, ती भराभर परत आली. दादाला ती दोन दिवस परक्या माणसासारखी 'अहो' म्हणून हाक मारत होती. आता पप्पा म्हणते. माझी नावं परत आली होती तशी तिचीही येतील, असं मी स्वतःला सांगते. मात्र माझी मधल्या सुट्टीपर्यंत आली होती.

वहिनीच्या फोनमधला व्हिडिओ मी एकेक चित्र थांबवत पाहिला. मध्ये खंड नाही. एका चित्रात माया आईला शोधते आहे. पुढच्या चित्रात ती कुणालाच शोधत नाही.

घड्याळ प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, कुलपात. परत द्यायला मी मोताळ्याला गेले नाही. रंगराव ते कुणाला तरी विकेलच. तबकडीवरचा चौथा डाग बाकीच्यांपेक्षा काळा आहे. भिंगातून पाहिलं, तर तिथे तबकडीचा रंग उरलेलाच नाही. खालचा धातू दिसतो.

काल सकाळी आम्ही सगळे दारात होतो. दादा गाडी पुसत होता, मी चपला घालत होते. मायाचं दप्तर तयार होतं. वहिनी आतून ओरडली, "माया, पाच मिनिटं थांब वं, आलीच मी."

माया उड्या न मारता वळली. आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत उशी होती आणि पांघरूण होतं. ते तिने भिंतीशी ठेवलं. पुन्हा आत गेली, पाण्याची बाटली भरून आणली, डब्यातल्या दोन पोळ्या कागदात गुंडाळून आणल्या. सगळं हाताशी लावून ती भिंतीला टेकून बसली.

मग तिने दादाकडे पाहिलं, अगदी सावकाश, केसांपासून पायांपर्यंत. त्यानंतर माझ्याकडे. तिचे ओठ हलत होते. मी जवळ जाऊन वाकले, तर ती आमची नावं म्हणत होती.